बल्बमधून इंटरनेट: खरंच येतंय की नुसतेच दिवे?

कोपऱ्यातली_खोली

मंडळी, आमचा राउटर दिवाणखान्यात आणि मी कामाला बसतो दोन भिंतींपलीकडे. त्यातली एक भिंत काँक्रीटची. मीटिंग चालू असताना माझा चेहरा गोठतो, तोही नेमका तोंड उघडं असताना. टीममधल्या एकीने त्याचे स्क्रीनशॉट जमवलेत, निरोप समारंभाला दाखवणार आहे म्हणे.

मध्ये वाचलं की एलईडी बल्बच्या उजेडातून इंटरनेट देता येतं. त्याला लायफाय म्हणतात. बल्ब सेकंदाला लाखो वेळा कमी-जास्त होतो, डोळ्याला ते कळत नाही, पण समोरचा सेन्सर ते वाचतो. वेग वायफायच्या १०० पट वगैरे. आता माझ्या खोलीत बल्ब तर आधीपासून आहे, टेबलाच्या बरोबर वर. मग तो बदलला की झालं का? लॅपटॉपला काही लावावं लागतं का? रात्री दिवा बंद केला की नेटही बंद? आणि हे सगळं एवढं भारी असेल तर आजवर कोणाच्याच घरी का दिसलं नाही?

जाणकारांनी उजेड पाडावा.

रात्रपाळी

दिव्याखाली अंधार असतो असं ऐकून होतो, आता दिव्याखाली इंटरनेट.

ठोकळा

हा विनोद पहिल्याच प्रतिसादात येणार हे धागा उघडायच्या आधीच माहीत होतं.

सोमवार_नकोच

रुमाल टाकून ठेवतेय. मी हे प्रत्यक्ष वापरलंय. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

बिनतारी

मी नेटवर्कच्या धंद्यात आहे, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल.

आधी ती "१०० पट" वाली बातमी. ती २०१५ च्या शेवटी सगळीकडे फिरली होती. एस्टोनियात टॅलिनमध्ये एका नवीन कंपनीने चाचणीत सेकंदाला १ गिगाबिट गाठला, त्याचं हे पिल्लू. तुलना होती तेव्हाच्या सरासरी वायफायशी. पण वायफायचं ८०२.११एसी हे मानक तोवर येऊन दोन वर्षं होत आली होती आणि कागदावर तेही गिगाबिटच्या पुढेच होतं. एकाची प्रयोगशाळेतली धाव आणि दुसऱ्याची गर्दीतली चाल, अशी ती शर्यत.

कल्पना मात्र खोटी नाही. एडिनबरा विद्यापीठातले प्राध्यापक हॅराल्ड हास यांनी २०११ साली टेड या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर एका साध्या टेबल लँपमधून व्हिडिओ चालवून दाखवला. मध्ये हात धरला की व्हिडिओ थांबायचा, हात काढला की पुढे सुरू. लायफाय हे नावही त्यांचंच. पुढे त्यातून प्युअरलायफाय ही कंपनी निघाली.

आता तुमचा प्रश्न. बल्ब बदलून काही होणार नाही. बल्बला वीज मिळते, पण त्याने पाठवायचं काय? त्याच्यापर्यंत डेटाही यायला हवा. म्हणजे छतापर्यंत नेटवर्कची वायर, नाहीतर विजेच्याच तारांतून डेटा नेणारी अडॅप्टरची जोडी. शिवाय तुमच्याकडून वर काय जाणार? लॅपटॉपने उलट उत्तर द्यायला त्यालाही एक डोळा आणि एक दिवा लागतो. तो आज यूएसबी डोंगलमध्ये असतो.

आणि खरी मेख अशी आहे की वायर छतापर्यंत न्यायची तयारी असेल, तर तीच वायर एक मीटर खाली आणून सरळ लॅपटॉपला लावा की!

शंकासुर

पण प्रकाशाचा वेग सगळ्यात जास्त, म्हणून लायफाय फास्ट, बरोबर ना? वायफायच्या लहरी प्रकाशाएवढ्या वेगाने थोड्याच जातात.

बिनतारी

तेवढ्याच वेगाने जातात. रेडिओ लहरी आणि प्रकाश ही एकाच घराण्यातली भावंडं, फरक फक्त कंपनसंख्येचा. निरोप किती लवकर पोचतो हा एक मुद्दा आणि एका दमात किती निरोप जातात हा दुसरा. लायफायचे लोक दुसऱ्याबद्दल बोलतात. रेडिओचा अख्खा पट्टा ३०० गिगाहर्ट्झपर्यंत संपतो. दिसणाऱ्या प्रकाशाचा पट्टा साधारण ४०० ते ७९० टेराहर्ट्झ. रुंदी मोजली तर हजारपटीहून जास्त. आणि त्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही.

शंकासुर

मग झालं तर! एवढी रुंद जागा आहे तर वापरत का नाहीत?

दिवेलागण

कारण एलईडीला ती वापरता येत नाही. मी दिव्यांच्याच उद्योगात आहे (आयडीवरून कळलं असेलच), म्हणून हा तुकडा माझा.

घरातला पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळी चिप असते. ही निळी चिप जमवायलाच जगाला इतकी वर्षं लागली की ती जमवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप. बंद बल्बची टोपी काढून पाहिलीत तर पिवळे ठिपके दिसतात, ते हेच. निळ्यातला काही प्रकाश फॉस्फर खातो आणि पिवळा करून बाहेर टाकतो, दोन्ही मिसळून आपल्याला पांढरा दिसतो.

निळी चिप त्यातल्या त्यात चपळ. फॉस्फर मात्र सुस्त. चिप विझली तरी तो क्षणभर रेंगाळतो. माणसाला तो क्षण जाणवत नाही, पण बिट्स एकमेकांत मिसळायला तेवढं पुरतं. त्यामुळे साध्या पांढऱ्या एलईडीची उपयोगी बँडविड्थ, म्हणजे डेटा न्यायला मिळणारी पट्ट्याची रुंदी, निघते काही मेगाहर्ट्झ. रिसीव्हरवर निळी काच लावून पिवळा भाग गाळून टाकला तर जरा वाढते. आणि घरच्या वायफायचा सर्वात अरुंद चॅनलच २० मेगाहर्ट्झचा, रुंद घेतला तर १६० किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे मैदान हजारपट मोठं, पण आपला खेळाडू लंगडा.

लाल-हिरवा-निळा असे वेगळे एलईडी, मायक्रो एलईडी, लेझर, यांच्यावर प्रयोगशाळेत गिगाबिट्स निघतात. पण ते तुमच्या होल्डरमध्ये बसणारे बल्ब नव्हेत. घरातल्या बल्बच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, तर वीज जमेल तितकी सपाट करायच्या मागे असतो. त्यालाच "थरथर" म्हणून सांगणं म्हणजे दारावरच्या रखवालदाराला चोरी करायला सांगणं.

रात्रपाळी

आता कुठे माझी ट्यूब पेटली. तीही फॉस्फरवालीच, म्हणून उशीर.

ठोकळा

@रात्रपाळी, हा बरा होता.

सोल्डरबाबा

तुम्ही लोक गिगाबिटवर भांडा, मी गाणं ऐकवतो.

दोन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या बागेतल्या सोलर दिव्यातून एक तळहाताएवढं पॅनेल काढलं. त्याच्या दोन तारा सरळ जुन्या कंप्युटर स्पीकरच्या इनपुटला जोडल्या. बास, हा झाला रिसीव्हर. स्पीकर चालू केला आणि पॅनेल खोलीतल्या ट्यूबखाली धरलं, तर भ्रमरासारखा गुंजारव. वीज ५० हर्ट्झची, उजेड प्रत्येक अर्ध्या चक्रात एकदा वाढतो, म्हणून १०० हर्ट्झचा सूर. मग मी वेड्यासारखा घरभर पॅनेल फिरवत सुटलो. स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी जोरात गुणगुणतो, अभ्यासाचा दिवा जवळजवळ गप्प, आणि बॅटरीवरचा टॉर्च ठार मुका. टॉर्चसमोरून बोट फिरवलं की "टप" असा आवाज. टीव्हीचा रिमोट रोखून बटण दाबलं तर टर्रर्र. उजेड दिसत नाही, पण ऐकू येतो!

मग दुसरी बाजू. मोबाइलच्या हेडफोनच्या जॅकमधून एका ट्रान्झिस्टरमार्फत पांढरा एलईडी चालवला. पहिल्यांदा गाणं घोगरं आलं, कारण मी एलईडीला आधीपासून थोडा करंट देऊनच ठेवला नव्हता. आवाजाच्या लाटेचा खालचा अर्धा भाग कापला जात होता, विझलेला दिवा आणखी विझणार कसा? तो करंट, म्हणजे बायस, दिल्यावर स्वच्छ. दीड मीटरवर, खोलीत अंधार करून, एलईडीपुढे भिंग धरून अख्खं गाणं ऐकलं. मुलगी मधून चालत गेली तेव्हा तिच्या सावलीएवढं गाणं गायब झालं. तिने मग तो खेळच केला, अर्धा तास मला एकही ओळ सलग ऐकू दिली नाही.

हे डिजिटल नाही, इंटरनेट तर नाहीच. पण बल्ब "बोलतो" म्हणजे काय ते हाताला कळतं.

गंधाली

सोल्डरबाबा, तुम्ही केलंत ते १८८० साली ग्रॅहॅम बेलने केलं होतं. टेलिफोनवालाच बेल. पातळ आरशावर मागून बोलायचं, आरसा थरथरतो, त्यावरून परतणारं ऊन थरथरतं, आणि पलीकडे सेलेनियमचा सेल ते ओळखून आवाज काढतो. वॉशिंग्टनमध्ये एका शाळेच्या गच्चीवरून त्याचा सहकारी टेंटर बोलला आणि २१३ मीटरवर बेलने ऐकलं. तार नाही, काही नाही. नाव ठेवलं फोटोफोन. त्याला हा शोध टेलिफोनपेक्षा मोठा वाटायचा. इतका, की नुकत्याच जन्मलेल्या मुलीचं नाव फोटोफोन ठेवायचं त्याच्या मनात होतं म्हणे. बायकोने हाणून पाडलं.

रात्रपाळी

वाचली बिचारी. नाहीतर शाळेत हजेरी: "फोटोफोन बेल?" "ट्रिंग!"

शंकासुर

मग बेलचं पुढे काय झालं? म्हणजे फोटोफोनचं.

गंधाली

ढग आले की बोलणं बंद, धुकं आलं की बंद, मध्ये कोणी उभं राहिलं की बंद. तार यापैकी कशानेच बंद पडत नव्हती. उजेडातून बोलणं खरं फोफावलं ते उजेडाला काचेच्या तंतूत कोंडल्यावर. आपण आत्ता हा धागा वाचतोय तो वाटेत बहुधा उजेड होऊनच आलाय.

सोमवार_नकोच

आले. तर अनुभव.

आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर काही महिने लायफाय लावून बघितलं होतं. कंपनीचं नाव नको. छतातल्या दिव्याशेजारी साबणाच्या वडीएवढी डबी, प्रत्येक डबीला छतावरून आलेली इथरनेटची वायर, आणि आम्हाला लॅपटॉपला लावायला डोंगल. डोंगलवर काळसर खिडकी, ती वर तोंड करून राहिली पाहिजे.

जे चांगलं ते आधी. डबीखाली स्थिर बसलं की मस्त. त्या मजल्यावरचं वायफाय दुपारी दम टाकायचं, शेजारच्या ऑफिसांची पन्नासेक नावं यादीत दिसायची. लायफायला त्याचा काही फरकच पडत नव्हता. प्रत्येक डबीचं वर्तुळ वेगळं, शेजाऱ्याचा गोंगाट आपल्या वर्तुळात नाही. हा फायदा मी खरंच अनुभवला आणि बिनतारी, तो तुम्ही लिहिला नाहीत.

आता वाईट. वर्तुळ लहान. खुर्ची मागे सरकवून शेजारणीशी बोलायला वळलं की लॅपटॉप मांडीवर, डोंगल तिरका, कॉल तुटला. फाइल घ्यायला पुढे वाकलं की माझंच डोकं डबी आणि डोंगलच्या मध्ये. पहिल्या आठवड्यात सगळे दिव्याखाली फोटो काढायला बसवल्यासारखे ताठ बसायचे. एका डबीखालून दुसरीखाली चालत गेलं तर मध्ये आवाज तुटायचा. मोबाइलला तर डोंगल कोण लावणार, त्यामुळे मोबाइल वायफायवरच. शेवटी डोंगल खणात गेले. माझा अजून असेल तिथे.

आणि एक गंमत. दिवे बंद केले तरी नेट चालायचं! आम्ही सगळे चक्रावलो होतो. मग कळलं की डबी दिसणारा उजेड वापरतच नव्हती. इन्फ्रारेड.

मृण्मयी

माझा प्रश्न वेगळा आहे. मला काही एलईडी दिव्यांखाली डोकं दुखायला लागतं. त्यात हे आणखी लुकलुकणारे दिवे म्हणजे संकटच ना?

दिवेलागण

मृण्मयीताई, तुमचा त्रास काल्पनिक नाही. सोल्डरबाबांच्या पॅनेलला जे गुणगुणणं ऐकू आलं ना, तेच तुमच्या डोळ्यांना सोसावं लागतं. १०० हर्ट्झ किंवा स्वस्त डिमरची काहीशे हर्ट्झची उघडझाप काहींना खुपते. एलईडीच्या लुकलुकीवर आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेची १७८९ नावाची शिफारस २०१५ मध्ये आली ती याचसाठी. लायफायची थरथर मात्र सेकंदाला लाखो-कोटी वेळा, आणि दिवा पूर्ण विझत नाही, किंचित कमी-जास्त होतो. डोळा तिथवर पोचतच नाही. उजेडातून डेटा पाठवण्याच्या २०११ च्या ८०२.१५.७ या मानकात लुकलुक टाळणं आणि दिवा मंद करूनही डेटा चालू ठेवणं, दोन्हींची तरतूद होती. म्हणजे तुमच्या डोकेदुखीचा आरोपी नेहमीचा साधा बल्बच.

(घरात कुठला बल्ब छळतो ते शोधायला सोल्डरबाबांचं पॅनेल उत्तम. सरळ कानाने पकडा.)

बिनतारी

@सोमवार_नकोच, गोंगाटाचा मुद्दा मान्य, मी खाल्लाच होता. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन, त्यात पन्नास नावं.

इन्फ्रारेडबद्दल तुम्ही लिहिलंत ते कळीचं आहे. २०२३ मध्ये आयईईईने ८०२.११बीबी हे मानक मंजूर केलं. म्हणजे लायफाय आता कागदोपत्री वायफायच्या कुटुंबात. पण त्यातला प्रकाश आहे ८०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दिसणारा उजेड ७५० च्या आसपास संपतो. म्हणजे बल्बमधून इंटरनेट म्हणत जे निघालं, ते मानकापर्यंत पोचेतो बल्ब सोडून आलं. तरी शहाणपणाचं काम झालंय: वायफायच्या चिपमध्ये जी भाषा आहे तीच प्रकाशावर चढवायची, नवीन चिप शोधत बसायचं नाही. वेग १० मेगाबिटपासून ९.६ गिगाबिटपर्यंत धरलाय.

ठोकळा

म्हणजे एवढा प्रवास करून आपण परत जुन्या मोबाइलच्या इन्फ्रारेडवर आलो? दोन फोन डोक्याला डोकं लावून टेबलावर ठेवायचे, एक रिंगटोन पाठवायची आणि कोणी टेबलाला धक्का लावला की बोंबलायचं?

बिनतारी

तत्त्व तेच. त्याची सुरुवात सेकंदाला ११५ किलोबिटवर होती, एवढाच फरक. (दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

रात्रपाळी

या धाग्यावर "दिवा घ्या" म्हणणं म्हणजे हार्डवेअर वाटणं.

शंकासुर

सुरक्षिततेचं कोणी बोललं नाही. उजेड भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून हॅकर बाहेरून काही चोरू शकत नाही. ही तर मोठी गोष्ट आहे!

सोमवार_नकोच

शंकासुर, आमच्या ऑफिसातल्या मीटिंग रूमच्या भिंती काचेच्या होत्या. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये डोंगल धरून उभी राहिले तर आतल्या डबीचं नेट लागलं. आयटीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बिनतारी

😂 काचेतून जातंच. दाराखालच्या फटीतूनही परावर्तित उजेड बाहेर येतो. भिंत म्हणजे कुलूप नव्हे. एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा सांकेतिक करून पाठवणं, लागतंच.

तरी शंकासुरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. रेडिओ लहर सोडली की मैलावरूनही तुमचा ठावठिकाणा काढता येतो. तंबूतल्या उजेडाचं तसं नाही, पडदा ओढला की झालं. २०२१ मध्ये अमेरिकी सैन्याच्या युरोपातल्या विभागाने प्युअरलायफायची यंत्रणा घेतली ती यासाठीच. अशा जागी वेग वगैरे दुय्यम, लपून राहणं मोठं.

गंधाली

आणि पाण्याखाली! समुद्राच्या पाण्यात वायफाय काही पावलंही टिकत नाही. निळा-हिरवा प्रकाश त्यातल्या त्यात लांब जातो. पाण्याखालच्या यंत्रांशी बोलायला तोच वापरतात.

मला मात्र सगळ्यात गोड उपयोग वाटला तो फ्रान्समध्ये लील इथला. २०१५ मध्ये एका कारफूर हायपरमार्केटमध्ये फिलिप्सने असे दिवे लावले की प्रत्येक दिवा आपली ओळख सतत पुटपुटत राहतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा कॅमेरा ती ओळख वाचतो आणि तुम्ही कुठल्या फळीसमोर आहात ते ॲपला कळतं. यात इंटरनेट दिव्यातून येत नाही, दिवा फक्त नाव सांगतो. डेटा इतका थोडा की साधा पांढरा एलईडी आणि साधा कॅमेरा पुरतो. दिवेलागण यांचा लंगडा खेळाडू इथे आरामात खेळतो.

दिवेलागण

अगदी! उजेडाच्या अंगाने बघितलं तर हेच काम बल्बला शोभतं. चार शब्द बोलायचे, पण सतत आणि सगळ्यांना ऐकू जातील असे.

शंकासुर

ऊन आलं तर? खिडकीजवळ बसलो तर बंद पडेल ना?

सोल्डरबाबा

ऊन स्थिर असतं, थरथरत नाही, त्यामुळे सर्किट ते वजा करू शकतं. माझ्या पॅनेलवर दिवसा गाणं चालायचं, फक्त बारीक व्हायचं आणि खरखर वाढायची. पण थेट ऊन पडलं की सेन्सर काठोकाठ भरतो, वर थेंबाला जागा उरत नाही. तेव्हा बंदच.

कोपऱ्यातली_खोली

धागा माझा आणि मीच गायब होतो, माफी. सगळं वाचलं, दोनदा.

बिनतारींचं ते वायर एक मीटर खाली आणण्याचं वाक्य वाचून काल रविवारी शिडी घेतली. दिवाणखान्यातून पॅसेजच्या वरच्या कडेने, दाराच्या चौकटीच्या मागून, केबल टाकली. भिंतीला भोक पाडावं लागेल असं वाटलं होतं, पण जुन्या टीव्हीच्या केबलचं भोक सापडलं, कॅलेंडरमागे. आज सकाळची मीटिंग एकदाही गोठली नाही. स्क्रीनशॉटवाली नाराज आहे.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, बल्ब जिथल्या तिथे आहे. पण आता वेगळीच भानगड. सोल्डरबाबांचं वाचून माळ्यावरचा सोलर दिवा उघडला, पॅनेल काढून स्पीकरला जोडलं. टेबलावरचा तो बल्ब, ज्याच्यावर मी एवढ्या आशा लावून बसलो होतो, तो खरंच गुणगुणतोय. घरातल्या सगळ्यांना बोलावून ऐकवलं. आता मुलाला त्यातून गाणं पाठवायचंय. बाबा, तो बायस द्यायला रेझिस्टर कितीचा लावलात?

सोल्डरबाबा

एलईडीतून साधारण २० मिलीअँपिअर जाईल असा. पण नुसता आकडा घेऊ नका, सप्लाय किती व्होल्टचा आणि ट्रान्झिस्टर कुठला ते लिहा. आणि जोडणीचा फोटो टाका, चालू करायच्या आधी.